विचारलं तेवढंच

डॉक्टरसाहेब ओसरीवर बसले होते आणि बांबूच्या चिकाच्या पडद्याआड द्वारकेचा जीव टांगणीला लागला होता. शेजारी तिची वहिनी, गोदा. ओठ हलताहेत, डोळे माळवदाच्या जिन्याकडे.

"वन्सं, वर चला ना. तो हाका मारतोय."

कोण, ते द्वारकेला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण बोलत कुणी नसे. गेल्या साली मुसी नदी कोपली तेव्हा गोदा काठावरच माहेरी होती. धाकट्या भावाला घेऊन माळवदावर चढली, पाणी तिथंही पोचलं, आणि हातातला हात सुटला. सासरी परतली ती मुकी मुकी. मग झोप उडाली, अन्न तुटलं, आणि आता या हाका.

"खानदान में किसी को दीवानगी?" बाहेर डॉक्टर विचारत होते.

"जी नहीं," नाना म्हणाले.

"बुखार? सर पे चोट?"

"जी नहीं."

नाना, द्वारकेचे वडील, गौलीगुड्यातले नावाजलेले वकील. साक्षीदाराला पढवावं तसं त्यांनी घर पढवलं होतं: विचारलं तेवढंच बोलायचं.

"तो पागलखाने भेज दीजिए. कल छत से कूद गई तो?"

नानांनी मान डोलावली. दादा, गोदेचा नवरा, परभणीला नोकरीवर. त्याला मागाहून कळवायचं. पागलखान्यात गेलेली बाई परत आल्याचं द्वारकेनं कधी ऐकलं नव्हतं. परक्या पुरुषाशी ती आजवर बोलली नव्हती. बोलली.

"डॉक्टरसाब, इनका भाई बाढ़ में गया. इनके हाथ से छूटके."

"द्वारके! तुला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही, नाना. वहिनीलासुद्धा नाही."

डॉक्टर नानांकडे वळले. "वकीलसाब, ये बात छुपाई क्यों?"

"आपने पूछा नहीं," नाना म्हणाले, आणि उपरण्यानं कपाळ पुसू लागले.

असा घाव सगळ्यांनाच वेडं करत नाही, डॉक्टर म्हणाले, पण एखादं मन त्यातच अडकतं. बरी होईलच, असं सांगत नाही. काही दिवस घरी ठेवून पाहू. मात्र एकटी सोडायची नाही. कोण बसेल?

द्वारकेला सासरचं बोलावणं आलेलं होतं. "मी," ती म्हणाली.

गोदेचे ओठ थांबले होते. तिनं द्वारकेचं मनगट घट्ट धरलं, नखं रुतेपर्यंत. "तुम्हालाही ऐकू येतो ना तो?"

हो म्हणावं की नाही?

"मला नाही गं येत. तू सांग. काय म्हणतो?"

"थंडी वाजते म्हणतो."

द्वारकेनं मोकळ्या हातानं जिन्याच्या दाराची कडी लावली, आणि ऐकत बसली.