पुन्हा पुन्हा तडकणारी काच

घरातल्या रागाला नाव ठेवून मोकळं व्हायची आपल्याला भारी सवय! मोठ्यांचा असला तर ‘स्वभावच कडक’, पोरांचा असला तर ‘वयच तसलं’. एकदा नाव ठेवलं की विचारायचं काही उरत नाही. एका काचवाल्याच्या घरीही तेच चाललं होतं.

काचवाल्याचं दुकान खाली आणि घर वर होतं. खिडक्या-कपाटांना काचा बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याची थोरली मुलगी सोळा वर्षांची. लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर राग, म्हणून बापाने लाडाने तिला ‘ठिणगी’ म्हणायला सुरुवात केली. पाच वर्षांची ठिणगी रुसून कोपऱ्यात बसली की सगळे हसायचे, आणि शेवटी तीही हसायची.

गेल्या वर्षभरात मात्र ती हसेनाशी झाली होती. शाळेतून आली की अंथरुणात शिरायची. चित्रांचे रंग डबीतच वाळून गेले. जेवायला हाक मारली की ‘भूक नाही’, आणि केस चार-चार दिवस विंचरलेले नसायचे. आई म्हणायची, “आळस भिनलाय अंगात, दुसरं काय!” मध्येच कधीतरी भडका उडायचा. एकदा तिने डबा फेकून स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच फोडली. दोन महिन्यांनी तीच काच मुठीने फोडली, आणि नंतर पुन्हा एकदा. वर्गातल्या मुलीला जिन्यात ढकललं म्हणून शाळेतून चिठ्ठीही आली. दर वेळी बाप चार शब्द सुनावायचा आणि दिवस मावळायच्या आत नवी काच बसवायचा. काचवाल्याच्याच घरची काच फुटकी दिसली तर लोक काय म्हणतील! “घरचं गिऱ्हाईक पक्कं आहे आपलं,” असा विनोदही करायचा. त्यावर हसणारा तो एकटाच असायचा.

एका रविवारी दुपारी तिचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ तिच्या खोलीत गेला. “ताई, ऊठ ना, पत्ते खेळू,” म्हणत त्याने पांघरूण ओढलं. दुसऱ्यांदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं, आणि तिने उशाशी असलेला स्टीलचा पेला भिरकावला. पेला कपाटाच्या काचेवर आदळला. एक तुकडा उडून धाकट्याची भुवई चिरली गेली. डोळा अर्ध्या बोटाने वाचला!

बाप धावत वर आला. रक्त बघून त्याचं भान सुटलं.

“माणूस आहेस की जनावर? उद्या सकाळी आत्याकडे निघायचं. या घरात तुला जागा नाही!”

ती भिंतीला टेकून नुसती उभी राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी धाकट्याला सहा टाके घातले. पट्टी बांधायला एक पोक्त सिस्टर आल्या. “कसं लागलं रे बाळा?”

“खेळताना पडला,” बाप घाईघाईने म्हणाला.

“नाही, ताईने पेला फेकला,” धाकटा म्हणाला. “पण सिस्टर, तिला कुणी ओरडू नका. ती मारते, घरातल्या काचा फोडते ना, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मी दाराबाहेर बसतो. ‘मी नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं’ असं म्हणत असते. कुणाला सांगायचं नाही म्हणालीय.”

बापाच्या हातातली औषधांची चिठ्ठी चुरगळली. तरी तो म्हणाला, “राग डोक्यात जातो तिच्या, बाकी काही नाही. उद्या बहिणीकडे पाठवतोय. प्रश्न मिटला.”

सिस्टरांनी पट्टीचं टोक नीट दाबलं. “दादा, माझी ओळख लागली नाही वाटतं. मागच्या वर्षी आमच्या जिन्यातल्या खिडकीसाठी आला होतात. एकच काच तीनदा तडकली होती. मी म्हटलं, जाड काच लावा. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

आठवत होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो तेच तर सांगायचा! “काचेला शिव्या देऊ नका, आधी चौकट बघा. आत कुठेतरी काहीतरी टोचत असतं.”

“आणि चौकटीतून गंजका खिळा निघाला. ती काच अजून शाबूत आहे. आता मला सांगा, तुमच्या घरची काच किती वेळा बदललीत?”

“तीनदा.”

“आणि चौकट बघितलीत?”

काचवाला चुरगळलेली चिठ्ठी मांडीवर सरळ करू लागला.

“मारणं चूकच आहे दादा,” सिस्टर म्हणाल्या. “तिने भावाची माफी मागायलाच हवी. पण खचलेलं मन प्रत्येकाचं डोळ्यांतूनच वाहतं असं नाही. बरीच पोरं मुंगीलाही दुखवत नाहीत, आतल्या आत झुरतात. काहींचं दुःख मात्र रागाचे कपडे घालून बाहेर येतं, आणि आपण कपडेच बघत बसतो. तिला उद्या आत्याकडे नका पाठवू. इथेच वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे आणा. तोवर एकटी सोडू नका. आणि आज घरी गेल्या गेल्या तिला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का म्हणून.”

“असं विचारलं तर भलतंच डोक्यात यायचं तिच्या!”

“विचारल्याने येत नाही. असलंच, तर सांगायला जागा मिळते.”

धाकट्याला खाली दुकानात बसवून तो वर आला तेव्हा आई डोळे पुसत मुलीची बॅग भरत होती. मुलगी जमिनीवर बसून उघड्या हातांनी काचा वेचत होती.

“सोड ते. हात कापेल.”

“कापू दे.”

तो तिच्यासमोर खाली बसला. हजारो काचा उचललेल्या त्या माणसाने तिच्या हातातला तुकडा अलगद काढून घेतला. बोलायला मात्र त्याला जमेना. शेवटी तो म्हणाला, “बाळा, तुला... मरावंसं वाटतं का?”

आईचे हात बॅगेतच थांबले.

मुलीने हातांवरचा काचेचा चुरा झटकला. मग म्हणाली, “कधीकधी. बाबा, मला नुसता राग येत नाही हो. आधी काहीच वाटत नाही, सगळं जड जड होतं. तेवढ्यात कुणी हात लावला की माझा हात उठतो. नंतर माझीच मला किळस येते. त्याचा डोळा गेला का हो?”

“नाही गं. डोळा वाचला.”

तेव्हा ती मोठ्याने रडली. नळ न सोडता, कुणाच्या तरी समोर, पहिल्यांदाच! बापाने तिला जवळ ओढलं. “वर्षभर मी काचा बदलत बसलो गं! तुला एकदाही विचारलं नाही!”

आईने बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, हे नैराश्य आहे, आजार आहे. औषध लागेल, बोलणं लागेल आणि वेळही लागेल. वेळ लागलाच. तिचं शाळेचं एक वर्ष बुडालं. मध्ये पुन्हा एक ताटली फुटली, पण फुटल्यावर ती स्वतः आईकडे आली. आता तिला भरून आलं की ती “आज जड आहे” एवढंच म्हणते, आणि घरातलं कुणीतरी जवळ जाऊन बसतं. कपाट पंधरा दिवस बिनकाचेचं होतं. शेजाऱ्याने टोकलं तेव्हा काचवाला म्हणाला, “मुलगी आजारी आहे. आधी तिचं बघतोय.” त्याने तिला ठिणगी म्हणणंही सोडलं.

भुवईवरची खूण मात्र गेली नाही. कुणी विचारलं की धाकटा सहज सांगतो, “ताई आजारी होती ना, तेव्हाचं आहे.” ते ऐकलं की ताई उठून दुसऱ्या खोलीत जाते.

वाचकहो, उठलेला हात थांबवायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण थांबवल्यावर तो झिडकारू नका, धरून ठेवा आणि विचारा, “काय टोचतंय?” नऊ वर्षांच्या पोराला दाराबाहेर बसून जे ऐकू आलं, ते घरातल्या मोठ्यांना वर्षभर ऐकू आलं नाही. नळाचा आवाज त्यांनाही येत होताच की!