जुन्या काट्याचं वजन

नऊ वर्षं माझी घरची बिअर दर खेपेला अगदी तशीच उतरायची. इंग्लंडमधल्या आमच्या बार्न्सलीच्या क्लबात सगळे माना डोलवायचे. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, किती, पाणी किती, सगळं मी स्वतः बांधलेल्या एक्सेलच्या तक्त्यात होतं. वाढदिवसाला बायकोनं, ग्वेंडानं, नवा डिजिटल काटा दिला आणि शेडमधला माल्ट तोलायचा गंजका काटा भंगारात टाकला. तेव्हापासून बिअर नुसती पाणचट! सूत्रं तीनतीनदा तपासली, चूक सापडेना. डोक्याचा पार भुगा झाला.

“अरे, जुना काटाच कमी दाखवत असेल,” ग्वेंडा म्हणाली. “पाच किलो समजून तू सहा घालत होतास.”

“सहा की साडेपाच?”

“तुझ्या तक्त्याला विचार ना!”

तक्त्यात नऊ वर्षांचं सगळं होतं. काटा किती खोटं बोलायचा, तेवढं सोडून.