तलावाची राखण

वंध्यत्वाचे कारण सापडत नाही, असे चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, तेव्हा रीताला क्षणभर बरे वाटले. तिचे बीज वेळेवर सुटत होते, नळ्या मोकळ्या होत्या आणि नवऱ्याचा, हेमराजचा, अहवाल तर चौकटीत घालून भिंतीवर लावण्याजोगा होता. सासू भागीरथाबाईला मात्र हे निदान मुळीच पसंत पडले नाही. एवढ्या सुया टोचून घेतल्यावर एखादा रोग तरी हाती लागायला हवा होता.

डॉक्टरांनी सोडलेली जागा गावाने भरून काढली. कोणी तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, देवीचा कोप सांगितला, कोणी ऊर्जानगरच्या वीजकेंद्राचा धूर. शेजारच्या शकुबाईने पपईवर ठपका ठेवला. रीताने पपई कधी तोंडात घातली नव्हती, या तपशिलाने तिचे काही अडले नाही. भागीरथाबाईचा तोडगा सरळ होता. धानाची कापणी आटोपली की रीताला माहेरी पोचवायचे आणि पोंभुर्ण्याची सोमारी दुसरी सून म्हणून घरात आणायची. तिकडे शब्दही टाकून झाला होता. हेमराज यावर गप्प होता. मासे धरणाऱ्याला हा गुण शोभतो, नवऱ्याला नाही.

रीता बारावीपर्यंत विज्ञान शिकली होती. कारण सापडले नाही, तर कुठे पाहायचे राहिले ते विचारावे, एवढे तिला त्यातून उरले होते. मासळी साफ करता करता तिला तपासणीचा दिवस आठवला. नमुना देण्यापूर्वी काही दिवस संबंध टाळा, असे प्रयोगशाळेतल्या मुलीने बजावले, तेव्हा हेमराज अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला होता, "टाळनं तं चालूच आहे." त्याआधी डॉक्टरीणबाईंनी संबंध नियमित आहेत ना, असे विचारले होते आणि दोघांनी माना डोलावल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत भागीरथाबाई बसली होती.

हेमराज रात्री घरी नसेच. मासेचोरांपासून तलाव राखायला बिनलेकराच्या गड्याने जावे, ही मच्छीमार सोसायटीची रीत होती. लेकुरवाळ्याला घराची ओढ, इतरांना कसली? पूर्वी असे बरेच जण आळीपाळीने जात. एकेकाला लेकरू झाले, एकेक सुटला, आणि उरलेली सगळी राखण हेमराजच्या वाट्याला आली. ती जितकी वाढली, तितके लेकरू लांबले.

सोसायटीचे अध्यक्ष तिचे सासरे, बापूजी. पुढच्या बैठकीला रीता पाळीवर जाऊन उभी राहिली. मागोमाग भागीरथाबाईही आली.

"मामाजी," रीता म्हणाली, "राखणीले बिनलेकराचा माणूस लागते, अन् लेकरू व्हाले माणूस घरी लागते. दोन्ही कामं एकाच गड्याले कशी देता?"

बापूजींना जाळ्यातली एक गाठ अचानक महत्त्वाची वाटू लागली. तीन लेकरांचा बाप असलेला आदेश हसला. "काऊन वहिनी, दिवस नाई का राहत?"

"खोली एक आहे, भाऊ. अन् दिवसभर त्यात आत्याबाई राहते."

आत्याबाईने, म्हणजे भागीरथाबाईने, मुलाकडे मोर्चा वळवला. "डॉक्टरीणबाईले तू हो काऊन म्हनला?"

"तू बाजूले बसून होती," हेमराज म्हणाला. त्या वर्षातले हे त्याचे सर्वांत लांब भाषण असावे.

रीताने कसलेही वचन दिले नाही. वर्षभर करून पाहू, म्हणाली. नाहीच जमले तर डॉक्टरकडे पुन्हा जाऊ, पण आत दोघेच बसू. तोवर पोंभुर्ण्याचे काय, हेही तिने सर्वांसमोर विचारले.

पोंभुर्ण्याला नाही म्हणून निरोप धाडा, असे भागीरथाबाईने बापूजींना सांगितले, आणि लगेच पुढे म्हणाली, "तुमचं लेकरू होऊन गेलं आहे. आजपासून राखणीले तुमी जा."

बापूजींनी रीतीचा आधार शोधला. पण घराकडे ओढणारे लहान लेकरू त्यांनाही नव्हते, म्हणून तो मिळाला नाही. दिवेलागणीला घोंगडी आणि टॉर्च घेऊन ते निघाले. मागे पावले वाजली म्हणून वळून पाहतात, तर बगलेत चटई मारून भागीरथाबाई.

"तू काऊन?"

"खोली एक आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या पुढे चालू लागली.