मर्व टॉलीच्या सहीचं प्लास्टर

मी प्लास्टर बोलतोय, लेम्पी कोस्केलाच्या डाव्या हातावरचं. आमच्या जातीला आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचं. माझे तर चारच भरले.

चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरून अडुसष्ट वर्षांच्या लेम्पीचं मनगट मोडलं, आणि अमेरिकेतल्या डुलुथच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. "खाज सुटली तरी आत काही घालायचं नाही," नर्सनं बजावलं. लेम्पीनं मान डोलावली. माणसं मान फार छान डोलावतात.

इथं प्लास्टर दिसलं की जो तो पेन काढतो. पोस्टमननंसुद्धा सही केली. मनगटावरची जागा मात्र लेम्पीनं राखून ठेवली, कारण शनिवारी गावात मर्व टॉली येणार होता. नळ दुरुस्त करायला जाऊन घरं बुडवणारा, टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला तो प्लंबर! लेम्पीचा नवरा रेनो घुम्या माणूस. हसला तर मर्वलाच हसायचा, अगदी शेवटच्या आजारपणातही.

प्रयोग संपल्यावर लेम्पी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी थांबली, तिथं मर्व आला. थकलेला होता.

"बाई, हे कुणी मोडलं?"

"बर्फानं."

"मग ठीक. एरवी लोक माझंच नाव घेतात."

लेम्पी हसली आणि रेनोबद्दल सांगता सांगता अडकली. मर्व गुडघे सांभाळत पायरीवर बसला, माझ्याबाहेर आलेली तिची बोटं त्यानं धरली. "कुठल्या जागी हसायचा तो?"

"तुम्ही काही न बोलता हातातल्या पान्याकडे बघत राहायचात ना, तिथं."

"ती जागा काढून टाका म्हणत होते मालिकेवाले सगळे," मर्व म्हणाला, आणि त्यानं माझ्यावर सावकाश सही केली. तेव्हापासून मी साधं प्लास्टर राहिलो नाही. तिथंच घात झाला.

चौथ्या आठवड्यात खाज सुटली. लेम्पीनं विणायची सुई आत घातली. एकदा, दोनदा, मग रोजच. सहीच्या बरोबर खाली कातडी फाटली, जखम चिघळली. माझ्या पोटात आग पेटली होती आणि मला ओरडता येत नव्हतं. बाई, दवाखान्यात जा! पण दवाखाना म्हणजे करवत, आणि करवत म्हणजे सही गेली, हे तिला ठाऊक होतं. ती माझ्यावर अत्तर शिंपडायची आणि रात्रभर कण्हायची. मला तिचा राग यायचा, कीवही यायची.

रविवारी मुलगी आली, एल्सा.

"आई, वास कसला येतोय?"

"काल मासे केले होते."

"मासे तुझ्या बाहीत शिजवलेस का? बोटं हलव बघू."

बोटं हलली नाहीत. एल्सानं सरळ आईचा कोट आणला.

दवाखान्यात प्लास्टर कापणाऱ्या ड्वेन नावाच्या जाड्या माणसानं करवत हातात घेतली. "सही वाचवायची तर आडबाजूनं कापावं लागेल. पण आत जखमेला ओढ बसेल. हाताची खात्री मी देत नाही."

लेम्पी माझ्याकडे बघत राहिली. मी जीव मुठीत धरून होतो.

"सहीवरूनच जाऊ दे," ती म्हणाली.

करवत घरघरली. तो आवाज ऐकू नये म्हणून लेम्पी मोठ्यानं बोलू लागली. मागचं दार, पायरी, मर्वचे गुडघे. पान्याच्या जागेवर आली तेव्हा तिनं मर्वसारखं तोंड करून दाखवलं, आणि ड्वेनला हसू आवरेना, करवत थांबवावी लागली. मग मी दुभंगलो. डॉक्टर आले, जखम बघून गंभीर झाले. "करंगळी हलवा." बराच वेळ गेला. करंगळी हलली.

एल्सानं माझे दोन तुकडे उचलले. "आई, धुऊन घरी नेऊ?"

"टाक ते. घाण वास मारतंय," लेम्पी म्हणाली. "हां, तर ड्वेन, मग तो मला म्हणाला..."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे, वर कापसाच्या बोळ्यांचा ढीग. पण तिचा आवाज इथवर येतोय, आणि ड्वेनचं हसणंही. तुमची कधी तिच्याशी गाठ पडली तर ही गोष्ट तिच्याकडून जरूर ऐका. फक्त सही दाखवा म्हणू नका.