रुमाल टाकलेली जागा

खिडकीतून आधी रुमाल आत पडला आणि रुमालामागून पोरगी.

"मॅडम, धरा हिला! बाजूच्या जागेवर कोन्ला बसू देऊ नका, मी दारातून येऊन राह्यले!" खालून एक बाई ओरडली.

सत्यशीलाने घाईघाईने पोरीच्या काखेत हात घालून तिला आत ओढलं. चार-पाच वर्षांची असेल. एकाच पायात चप्पल होती, दुसरी खालीच राहिली होती. "आजीची जागा," म्हणत पोरीने रुमाल शेजारच्या सीटवर नीट पसरला, त्यावर पालथा हात ठेवला आणि सत्यशीलाच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

लगीनसराईचे दिवस. घनसावंगीच्या स्टँडवर जालन्याच्या बसच्या दाराला माणसांचं मोहोळ लागलं होतं. हिरव्या लुगड्यातली ती बाई दोनदा पायरीपर्यंत पोचली आणि दोनदा मागे रेटली गेली. कंडक्टरने टण टण केलं. बस हलली.

बाई खालीच होती. बसच्या कडेने पळत होती, हाताने पत्रा बडवत होती. तिने मान वर केली. खिडकीतल्या सत्यशीलाकडे बघून तिने हात केला.

घंटीची दोरी सत्यशीलाच्या डोक्यावरच होती. एक टोला दिला की बस थांबते, हे तिच्या पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

तिने घड्याळ पाहिलं. बस मुळातच पाऊण तास उशिरा आली होती. नवीन जालन्यातल्या एका संस्थेच्या कचेरीत बाराच्या आत चित्रगोष्ट द्यायची होती. शाळा सांभाळून, रविवार जाळून काढलेली सशाची गोष्ट मांडीवरच्या फाईलमध्ये होती. दोन वर्षं साभार परत आली होती, यंदा तिसरी खेप. चढेल की मागून, कोणीतरी घेईलच वर ओढून, असं तिने स्वतःला सांगितलं. बस वळली आणि हिरवं लुगडं दिसेनासं झालं.

"ही कोणाची?" तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टरने विचारलं. रामकिसन नाव होतं त्याचं, या मार्गावरचा जुना माणूस.

"आजी आहे हिची. मागे असेल."

"ओ, पोरीची आजी कोन हाय?" रामकिसनने मागे हाळी दिली. माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"राह्यली का काय खाली? मॅडम, तुमी खिडकीत होत्या. तुमाला दिसली का?"

"नाही," सत्यशीला म्हणाली. "मला वाटलं, चढली."

जीभ अशी सहज वळली की तिचं तिलाच नवल वाटलं. मग मात्र तिला आठवलं. ती बाई मागच्या चाकाजवळ पळत होती. वळणावर बसला एक दणका बसला होता. खड्डाच असेल. खड्डाच असायला हवा. देवा, खड्डाच असू दे.

"नाव काय गं तुझं?" रामकिसनने वाकून विचारलं.

"ईश्वरी."

"आन् गाव?"

"आजीचं."

"आजीचं नाव?"

"आजी."

कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, पोलिसात द्या. कोणी म्हणालं, मॅडमच्या हवाली करा, जालन्याला बघता येईल. काठी टेकत उभे असलेले अप्पाराव नावाचे म्हातारबुवा या गलक्यात हळूच रिकाम्या सीटवर टेकायला लागले.

"इथं न्हाई," ईश्वरी म्हणाली. तिचा हात रुमालावरून हलला नाही. "आजी येऊन राह्यली."

अप्पाराव अर्धवट वाकले होते, तसेच उठले. "बरं माय. आजीची तं आजीची."

रामकिसनने एक टोला दिला. बस एका फाट्यावर लिंबाखाली थांबली. खाली उतरून त्याने स्टँडवर फोन लावला. सत्यशीलाने कान टवकारले.

"न्हाई? नीट बघा साहेब, पोरगी म्हन्ती हिरवं लुगडं… कुठंच न्हाई?"

सत्यशीलाचे तळहात फाईलवर चिकटले. मागून ओरड सुरू झाली. "अक्षता पडायची येळ झाली राव, जल्दी करा!" "एका पोरीपायी सगळी बस धरून ठेवता का?" अप्पारावांनी काठी आपटली. "तुही पोरगी असती तं?" बारा-चौदा माणसं दाटीवाटीने उभी होती, घामाघूम होत होती. त्या एका सीटवर मात्र कोणी बसलं नाही.

सत्यशीला मागच्या रस्त्याकडे बघत राहिली. आता घड्याळाकडे बघायची तिची हिंमत नव्हती. बाई धडधाकट असू दे, एवढंच ती मागत होती, आणि मागायचं तोंड आपल्याला राहिलं नाही हेही तिला कळत होतं.

वीस मिनिटांनी धुरळा उडवत एक मोटारसायकल आली. मागच्या सीटवर हिरवं लुगडं. एका हातात लहानशी चप्पल.

बाई चढली तेव्हा माणसांनी आपणहून वाट दिली. तिच्या कोपराचं सालटं निघालं होतं. तिने पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तिला उराशी धरून भडाभडा रडली. ईश्वरीने रुमालावरचा हात उचलला. रुमाल पंजाच्या आकाराएवढा घामाने ओला झाला होता.

"बस आज्जे. धरून ठेवली."

सगळ्या बसला हसू आलं आणि रडूही. सत्यशीला खिडकीबाहेर बघत होती. जालना येईस्तोवर तिने मान वळवली नाही.

ती पोचली तेव्हा एक वाजत आला होता. सशाची गोष्ट कोणी घेतली नाही. परतीच्या बसमध्ये तिने फाईलमधला सशाचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीने आधी एक हात काढला, मग हाताखाली रुमाल, मग भोवती उभी राहिलेली माणसं.

पुढच्या वर्षी ‘आजीची जागा’ छापून आलं. जालन्याच्या संस्थेतल्या लोकांनी वाखाणलं, शाळेतल्या पोरांनी दहा-दहा वेळा वाचून घेतलं. रामकिसनकडून गाव काढून एका रविवारी सत्यशीला पुस्तक घेऊन ईश्वरीच्या आजीच्या, नंदाबाईच्या दारात उभी राहिली.

"अगं बाई, मॅडम!" नंदाबाईने लगबगीने सतरंजी टाकली. ईश्वरी आता पहिलीत होती. पुस्तक उघडून तिने बोटाने माणसं ओळखायला सुरुवात केली. "हे काठीवाले आबा. हा कंडक्टर. ही मी! आज्जे, तुहं लुगडं बघ."

पहिल्या पानावर सबंध बस होती. खिडकीखिडकीत तोंडं. मधली एक खिडकी रिकामी.

नंदाबाईने तिथे बोट टेकवलं. "हितं तं तुमी होत्या."

"हो."

"म्या हात केल्ता तुमाला." नंदाबाई थांबली. मग तिनेच समजूत घातली, "गर्दी केवढी होती! तुमाला काय दिसतंय."

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. सत्यशीलाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"दिसल्या होत्या," ती म्हणाली. "दोरी डोक्यावरच होती. मला जालन्याला पोचायची घाई होती. नाही ओढली."

कोपरावरचा जुना वण नंदाबाईने नकळत चोळला.

ईश्वरीचं या दोघींकडे लक्ष नव्हतं. तिने पेन्सिल घेतली होती आणि जीभ बाहेर काढून रिकाम्या खिडकीत चित्र काढायचं चाललं होतं. गोल तोंड झालं, चष्मा झाला, आणि वर दोरीपर्यंत गेलेला लांबलचक हात.

"झाल्या मॅडम! दोरी ओढून राह्यल्या."

"तो हात खोड ईश्वरी," सत्यशीला म्हणाली. "माझा हात फाईलवर होता."

ईश्वरीने चित्राकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "मंग बस कशी थांबंल?"

नंदाबाई उठली. तिने पोरीच्या दप्तरातून खोडरबर काढला आणि सत्यशीलाच्या पुढ्यात ठेवला.

"तुमीच खोडा मॅडम," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.