वरचं पाणी

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, चैत्र महिना आहे. मालवणजवळ समुद्राची गाज ऐकू येते तिथे तुमचं घर आहे. मागच्या परड्यात तुम्ही लावलेले काकडीचे सहा वेल आहेत आणि त्यांची पानं कडेने करपू लागली आहेत. काय कराल?

पाणी घालाल. १९५८ साली दहा वर्षांच्या सत्यवतीनेही तेच केलं. पानं आणखी करपली. तिने आणखी पाणी घातलं.

तिच्या सुगंधाकाकीला सुंगटं, म्हणजे कोलंबी, वाळवायला ती जागा हवी होती. काकी म्हणाली, "अक्षय तृतीयेक एक तरी काकडी दाखव गो. नायतर थंय माझी सुंगटां पसरतलंय."

"दाखवतंय," सत्यवती म्हणाली.

"पानांची भाजी दाखवशीत."

परड्यातली विहीर समुद्रापासून शंभर पावलांवर. पिण्याचं पाणी देवळाकडच्या विहिरीवरून यायचं, म्हणून हे पाणी कोणी चाखत नसे. थंड पाणी येतं म्हणून कळशी तळापर्यंत सोडायची घरची रीत होती. एका दुपारी तहान अनावर झाली आणि सत्यवतीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारट! तिने ते थुंकलं. वेलांना ती इतके दिवस मीठच पाजत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दोरीला लहान डबा बांधला, पाण्याला जेमतेम टेकवला आणि चाखून पाहिलं. गोड. मग कळशी खोल सोडली. खारट. गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्यावर तरंगतं. फार उपसलं की खालचं खारं वर येतं.

त्या दिवसापासून ती पहाटे डब्याने वरवरचं पाणी काढी, प्रत्येक आळ्यात दोन डबे ओती आणि तेवढ्यावरच थांबे. आळ्यांवर वाळलेला पाला अंथरी. कोणी तळापर्यंत सोडू नये म्हणून कळशी तिने माजघरात लपवली. काकी दोन दिवस शोधत होती.

नवी पानं हिरवी आली. मग पिवळी फुलं.

अक्षय तृतीयेला सत्यवतीने काकीपुढे टोपली ठेवली. आत अकरा काकड्या होत्या. काकीने एक मोडली, चावली, पुन्हा चावली.

"ह्येंका काय घातलंस?"

"वरचा पाणी. खालचा खारट आसा."

काकीने दुसरी काकडी उचलली. "बरी आसा," म्हणाली. "सुंगटां अंगणात पसरतंय."

सत्यवतीने कुदळ घेतली आणि सातवं आळं खणायला सुरुवात केली.