एक थर जास्त

मी भिंत बोलतेय. पण माझ्यामागे खोली नाही, डोक्यावर छप्पर नाही. विद्यापीठाचं नवं भोजनगृह विटांचं करायचं ठरलं, तेव्हा त्याच्याआधी मला बाजूच्या कोपऱ्यात उभं केलं. मी नमुन्याची भिंत. वीट कोणती, सांधे किती जाड, हे माझ्यावर ठरवायचं, चुका माझ्यावर करून घ्यायच्या आणि काम संपलं की मला पाडायचं. जन्माआधीच मरण ठरलेलं. तक्रार नाही.

आराखडा काढणाऱ्या मॅडम तरुण होत्या. घरी आठ महिन्यांचं बाळ. एका हाताने माझे सांधे चाचपत, दुसऱ्या हातात फोन. "आई, उठला का गं? रडला नाही? अजिबात नाही?" तो न रडल्याचंही त्यांना वाईट वाटे.

त्यांचा जीव अडकला होता माझ्या पायाशी बांधलेल्या कट्ट्यात. भोजनगृहाच्या दारालगत असाच, लांबच लांब कट्टा त्यांना हवा होता. विद्यापीठाच्या इंजिनिअर साहेबांना तो नको होता.

"कट्टा केला की पोरं बसणार."

"बसायलाच आहे, साहेब," मॅडम म्हणाल्या आणि लगेच चाचरल्या, "म्हणजे... चुकतही असेन मी."

साहेब शेवटचं काय ते सांगायला येणार, त्याच दिवशी मॅडमनी मोजायला टेप लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. कट्ट्याला विटांचा एक थर जास्त चढला होता.

"मिस्त्री, आजच?"

"बोलता बोलता चढला, ताई. तोंड चालू असलं की माझा हात थांबत नाही."

तेवढ्यात साहेब आले. पाठोपाठ जुन्या मेसच्या स्वयंपाकीण मावशी, नवं स्वयंपाकघर बघायला. पाय भरून आलेले. त्या सरळ माझ्या कट्ट्यावर टेकल्या.

"बघा, झाली सुरुवात," साहेब म्हणाले.

"बारा वर्षं जेवण वाढतेय मी, साहेब," मावशी म्हणाल्या. "नवी पोरं दारातून डोकावतात. ओळखीचं कुणी दिसलं नाही की आल्या पावली परत. उपाशी! बाहेर टेकायला जागा असती, तर कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवून का होईना, थांबली असती."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. तो अंथरून स्वतःच बसले. चणीने लहान, पाय लोंबकळायला लागले.

"उंच झालाय," ते करवादले. "एक थर कमी करा."

"म्हणजे... करायचा?"

"असा नाही! एक थर कमी!"

मिस्त्री पाठ फिरवून हसले.

आज भोजनगृह सुरू झालंय. मिस्त्री घण घेऊन माझ्यापाशी आलेत, पण मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलंय. समोर, दारालगतच्या नव्या कट्ट्यावर एक मुलगी कधीची एकटी बसलीये. आत डोकावते, पुन्हा फोनमध्ये मान घालते. मॅडम नखं खातायत. माझा श्वास अडकलाय; भिंतीला कुठला श्वास म्हणा!

दुसरी एक मुलगी येऊन कट्ट्याच्या टोकाला बसली. दोघी आपापल्या फोनमध्ये.

"तू आत जाणारेस?"

"तू येत असशील तर."

उठल्या दोघी. गेल्या.

मिस्त्री, घाला आता घाव.